भिंत फोडण्याआधी

उन्हाळी कामं आटोपून आपण पापड-कुरडयांचे डबे फडताळात लावतो आणि आता वर्षभराची चिंता मिटली म्हणून निःश्वास सोडतो. गेल्या वैशाखात मीही तेच केलं. पंधरा दिवसांनी डबा उघडला तर कुरडयांना बुरशी! बाहेर परभणीचं ऊन मी मी म्हणत होतं, आणि माझ्या फडताळामागची भिंत मात्र हाताला गार आणि ओली. रंगाचे पोपडे सुटलेले, खाली मिठासारखी पांढरी पूड.

आमच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू राहतात. नवरा-बायको आणि एक लहान मुलगी. त्यांची मोरी नेमकी माझ्या स्वयंपाकघरावर. मग काय, मी निदान करून मोकळी झाले. जिन्यातच वहिनींना गाठून म्हटलं, "मोरीत पाणी जरा बेतानं वापरा हो, आमच्या भिंती कुजायला लागल्यात." त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढे वाटीभर भाजीची देवघेव थांबली, आणि येता-जाता मान खाली.

पहिला नळवाला आला. त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं आणि सांगितलं, "वरची मोरी सगळी उकरावी लागेल." मला वाटलं, बघा, मी म्हणतच होते! सुदैवानं आमच्या ह्यांनी आणखी एकाला विचारायचं ठरवलं. दुसरा आला तो हातात एक लहानसा पंप घेऊन. म्हणाला, "ताई, भिंत फोडू नका. पाणी कुठून जाऊ लागलंय ते आधी कळू द्या. प्रेशर लावून पाहू."

ही तपासणी आपल्याला हाताने करायची नसते. पण ती काय असते हे ठाऊक असलं, तर समोरच्याकडून काम नीट करून घेता येतं. म्हणून आज तिच्याविषयी.

आधी घरच्या घरी

पंप बोलवण्याआधी तीन गोष्टी स्वतः पाहा. पहिली, ओल केव्हा वाढते? बारा महिने सारखी राहिली तर संशय नळाच्या पाईपावर, कारण त्यात टाकीचं पाणी सतत भरलेलं असतं. आंघोळी-धुण्यानंतर वाढून मग ओसरली तर सांडपाण्याचा पाईप किंवा मोरीच्या फरशीच्या सांधी. पावसाळ्यातच आली तर गच्ची किंवा बाहेरची भिंत.

दुसरी, रात्री निजताना सगळे नळ बंद करावेत, टाकीत वरून येणारं पाणीही बंद करावं आणि पातळीवर खूण करावी. रात्रभर कुणी नळ सोडायचा नाही, हे घरात बजावून ठेवा. सकाळी पाणी खुणेखाली गेलं असेल तर ते कुठेतरी झिरपतंय. साधारण हजार लिटरच्या गोल टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली की नऊ लिटरच्या आसपास पाणी गेलं असं समजा.

तिसरी, संडासच्या फ्लशच्या टाकीत कपड्यांना घालतो ती नीळ चार थेंब टाकावी आणि पंधरा-वीस मिनिटं फ्लश ओढू नये. भांड्यात निळं पाणी उतरलं तर गळती तिथेच आहे. भिंतीला हात लावायचं कारण नाही.

दाब लावून तपासणी

घरातल्या पाण्याचा दाब मुळात फार नसतो. दहा मीटर उंचीवरच्या टाकीमुळे नळाशी एक किलो दाब येतो (नळवाले 'किलो' म्हणतात तो चौरस सेंटिमीटरवरचा). आपल्या एकमजली-दुमजली घरांत तो अर्धा-पाऊण किलोच भरतो. एवढ्या दाबाने बारीक छिद्रातून थेंब थेंबच येतं, म्हणून गळती वर्षभर लपून राहते. पंपाने दाब वाढवला की ती लपत नाही.

रीत अशी. टाकीकडचा वॉल्व्ह बंद करायचा. गिझर, सोलर, मिक्सर ही नाजूक मंडळी लाईनीतून सोडवून ठेवायची. नळ काढून त्या जागी बूच बसवायचं, त्यालाच हे लोक डमी म्हणतात. एका तोंडाला पंप जोडून लाईन पाण्याने भरायची आणि शेवटच्या तोंडातून हवा पूर्ण बाहेर काढायची. हवा राहिली तर काटा भलतंच सांगतो. मग दांडा हळूहळू दाबत जुन्या घरात तीन किलोपर्यंत न्यायचं, पंपाची चावी बंद करायची आणि घड्याळ लावून अर्धा तास काटा पाहायचा. स्थिर राहिला तर लाईन निर्दोष. खाली उतरला तर आधी पंपाचे आणि बुचांचे जोड कोरडे आहेत का ते बघायचं. ते कोरडे असतील तर गळती भिंतीत.

आमच्याकडे आधी वरच्या मजल्याची लाईन तपासली. काटा तीनवर गेला आणि अर्धा तास हलला नाही. मी दोनदा चष्मा पुसून पाहिलं. मग खालची लावली. दहा मिनिटांत तीनचा दीड झाला.

पुढचं काम म्हणजे तुकडे पाडणं. न्हाणीघराचा स्टॉप कॉक बंद केला, तरी काटा उतरतच होता. तो उघडून स्वयंपाकघराचा बंद केला, तेव्हा काटा थांबला. म्हणजे दोष ओट्याच्या लाईनीत. ओल दिसते तिथेच छिद्र असतं असं नाही बरं का. पाणी पाईपाच्या अंगाने वाहत जाऊन सोयीच्या जागी बाहेर पडतं. म्हणून त्याने पाईप कुठून कसा गेलाय ते विचारलं, भिंतीला कान लावला, आणि भांड्यांच्या मांडणीकडे बोट दाखवून म्हणाला, "ही कधी लावली?"

दोन वर्षांपूर्वी. ओट्याची लाईन नवी प्लास्टिकची टाकल्यावर मीच जागा दाखवली होती, "इथेच ठोका" म्हणून. मांडणीचा एक स्क्रू थेट पाईपात शिरलेला. त्यानेच छिद्र बुजवलं होतं. पुढे तो गंजला आणि पाणी पाझरायला लागलं. चार फरश्या निघाल्या, वीतभर पाईप बदलला. वरची मोरी शाबूत राहिली.

हे ध्यानात ठेवा

१. तपासणी सकाळी लवकर करावी. आपल्याकडच्या उन्हात गच्चीवरचा पाईप तापतो आणि गळती असो-नसो, काटा वरखाली होतो.

२. जुने लोखंडी पाईप आतून गंजलेले असतात. "दहा किलोवर नेऊन बघू" असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. धडका जोडही फुटायचा.

३. पाण्याऐवजी हवा भरून दाब लावू देऊ नका. प्लास्टिकचा पाईप फुटला तर तुकडे गोळीसारखे उडतात.

४. सांडपाण्याच्या पाईपाला ही तपासणी लागू नाही. मोरीची फरशी तपासायला भोक बुजवून बोटभर पाणी चोवीस तास साठवून ठेवतात आणि खालच्या छताकडे लक्ष ठेवतात.

५. दुरुस्तीनंतर पुन्हा दाब लावल्याशिवाय सिमेंट भरू देऊ नका. प्लास्टिकचा जोड चिकटवल्यावर एक दिवस वाळू द्यावा.

६. नवं घर बांधत असाल तर फरशी बसण्याआधीच लाईन तपासून घ्या, आणि उघड्या पाईपांचे फोटो काढून ठेवा. मी काढले असते तर मांडणी हातभर बाजूला लागली असती.

रस्त्यापासून हौदापर्यंत

एक लाईन आपण हमखास विसरतो, रस्त्यावरून आपल्या हौदापर्यंत जमिनीतून येणारी. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यातल्या पाईपाचे जोड वर्षानुवर्षं असे ताणले जातात. नळ येण्याच्या दिवशीच अंगणाचा एखादा कोपरा ओला होत असेल तर ही लाईन अगत्यानं तपासा.

इथे प्रश्न नुसत्या पाण्याचा नाही, पोराबाळांच्या प्रकृतीचा आहे. अनेक गावांत नळाला रोज पाणी येत नाही. पाणी असतं तेव्हा ते छिद्रातून बाहेर पडतं. पाणी गेलं की पाईप रिकामा होतो आणि त्याच छिद्रातून आजूबाजूची घाण आत ओढली जाते. जवळून गटार गेलं असेल तर बघायलाच नको. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली, तीही पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्यामुळेच. म्हणून नळ आल्यावर सुरुवातीचं पाणी पिण्यासाठी धरू नये, गढूळ किंवा वास येणारं असेल तर नगरपालिकेला कळवावं, आणि दुरुस्ती होईतो पाणी उकळूनच प्यावं. येलदरीहून इतक्या लांबून आलेलं पाणी शेवटच्या वीस फुटांत नासलं, तर त्याचा काय उपयोग?

राहिली वरच्या वहिनींची गोष्ट. त्या दिवशी संध्याकाळी मी जिना चढून गेले. म्हटलं, "चूक माझी होती. तुमच्या मोरीत काही दोष नाही." त्यांनी बसायला चटई टाकली, पाणी दिलं. मग म्हणाल्या, "बरं झालं काकू, कळलं ते. तुम्ही बोललात तेव्हापासून पोरीला अर्ध्या बादलीतच न्हाऊ घालत होते मी. इतक्या उन्हाची रडायची ती."

पाईपाचा खर्च मी केव्हाच विसरले. हे वाक्य विसरता येत नाही. म्हणून सांगते, भिंत ओली दिसली की आधी पंप बोलवा. वरच्या, शेजारच्या, सुनेच्या किंवा सासूच्या नावाने बोलायचंच असेल, तर ते काटा पाहिल्यावर.