कुत्रा तुम्ही फिरवता की कुत्रा तुम्हाला फिरवतो?

सकाळी सहाच्या सुमारास विजापूर रोडवर किंवा होटगी रोडवर पाच मिनिटं थांबून बघा. पुढे एक दणकट रॉटवायलर नाहीतर लॅब्राडोर, मान खाली घालून बैलासारखा जोर लावतोय. मागे त्याचा मालक, बहुतेक वेळा कॉलेजातला एखादा पोरगा, एका हातात लीश, दुसऱ्या हातात मोबाइल, अर्धा चालत अर्धा घसरत निघालाय. समोरून फिरायला आलेल्या काकू हे बघतात आणि गुपचूप रस्ता ओलांडून पलीकडे जातात. मग मालकाचं ते ठरलेलं वाक्य येतं, "काकू, घाबरू नका, काही करत नाही तो!"

काकूंना ते पटत नाही. आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांचं काही चुकत नाही. कुत्रा स्वभावाने गरीब आहे की तापट, हे त्यांना कळायला मार्ग नाही. त्यांना एवढंच दिसतं, की दोरी ज्याच्या हातात आहे त्याच्या हातात काहीच नाही.

गेली दोन वर्षं कुत्रा हा विषय सतत बातम्यांत आहे. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने सगळ्या राज्यांना एक परिपत्रक पाठवलं. पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो, डोगो अर्जेंटिनो अशा २३ जातींना 'धोकादायक' ठरवून त्यांची विक्री आणि पैदास थांबवा, परवाने देऊ नका आणि आधीपासून घरात असलेल्यांची नसबंदी करा, असं त्यात होतं. महिनाभरातच, एप्रिल २०२४ मध्ये, कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. संबंधितांचं म्हणणं ऐकून न घेता घेतलेला निर्णय, हा त्यातला मुख्य आक्षेप होता. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गाजलं. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा-कॉलेज, दवाखाने, क्रीडा संकुलं, एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातून भटकी कुत्री हलवायला सांगितलं गेलं.

म्हणजे चर्चा दोनच गोष्टींवर झाली. कोणत्या जातीचा कुत्रा पाळायचा, आणि बिनमालकाच्या कुत्र्याचं काय करायचं. मधला एक प्रश्न राहूनच गेला. मालक आहे, लीशही आहे, पण कुत्रा ताब्यात नाही, त्याचं काय? आपण 'दोरी बांधली आहे का' एवढंच विचारतो. रस्त्यावरची सुरक्षितता मात्र 'दोरी ढिली आहे का' यावर ठरते. ताणलेली दोरी म्हणजे सुटायच्या बेतात असलेला कुत्रा, एवढंच.

ओढायला शिकवलं कुणी?

आता थोडं कडू ऐका. तुमचा कुत्रा ओढतो, कारण तुम्ही त्याला रोज ते शिकवता. कुत्र्याला झाडापाशी जायचंय. तो ओढतो, तुम्ही मागून जाता, झाड येतं. त्याच्या हिशोबाने ओढलं की झाड मिळतं. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून हेच दाखवलं होतं. ज्या कृतीतून हवं ते मिळतं, ती कृती प्राणी पुन्हा पुन्हा करतो. सव्वाशे वर्षं झाली या गोष्टीला, पण आपण अजून कुत्र्यालाच 'हट्टी' म्हणतो.

दुसरं कारण अगदी साधं आहे. कुत्र्याची चाल आपल्यापेक्षा वेगवान असते. आपण रमतगमत चालतो, तो त्याच्या नैसर्गिक वेगाने चालला तरी दोरी ताणली जाते. आणि मान मागे ओढली गेली की बहुतेक कुत्रे आपोआप पुढे जोर लावतात. म्हणजे तुम्ही मागे खेचलं की तो पुढे खेचणार. या रस्सीखेचीत पन्नास किलोचा रॉटवायलर आणि साठ किलोचे तुम्ही असाल, तर कोण जिंकेल ते सांगायला नको. त्याला चार पाय आहेत, तुमच्या पायांत चप्पल आहे.

तिसरं म्हणजे, 'तो पुढे चालतो म्हणजे त्याला तुमचा बॉस व्हायचंय' हा रील्सवरचा आवडता सिद्धांत. तो डोक्यातून काढून टाका. कळपाचा 'अल्फा' ही कल्पना लांडग्यांच्या अभ्यासातून पसरली. ती लोकप्रिय करण्यात ज्यांच्या १९७० च्या पुस्तकाचा मोठा वाटा होता, त्या डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये लिहिलं, की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे साधं कुटुंब असतं, आईबाप आणि पिल्लं. तुमचा टायसन सत्तेसाठी ओढत नाही. त्याला समोरच्या खांबाचा वास घ्यायचाय, बस्स.

आपल्या भागातलं उदाहरण

परदेशी जातींचं राहू द्या. विजापूरच्या पुढे, बागलकोट जिल्ह्यात मुधोळ आहे. तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी ज्याची पैदास नावारूपाला आणली, तो मुधोळ हाउंड म्हणजे आपल्याकडचा कारवानी कुत्रा. सोलापूर, सांगली भागातल्या गावांत, वस्त्यांवर तो आजही दिसतो. २००५ मध्ये टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढलं. ३० ऑगस्ट २०२० च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी त्याचं नाव घेतलं, आणि शहरात कारवानी पाळायची हौस आणखी वाढली.

पण हा कुत्रा शतकानुशतकं नजरेने सावज टिपून धावायला घडलाय. माळावर ससा उठला की सुटायचं, हेच त्याचं काम. त्याला तुम्ही जुळे सोलापूरच्या टू-बीएचकेमध्ये आणता, दिवसभर बांधून ठेवता आणि संध्याकाळी पंधरा मिनिटं डांबरी रस्त्यावर काढता. समोरून मांजर गेलं की तो झेपावणारच! हा त्याचा दोष नाही. जात निवडताना तिचं काम काय होतं हे आपण विचारलंच नाही, हा आपला दोष. आणि नेमकं याच कारणाने '२३ जातींवर बंदी' हे उत्तर अर्धवट ठरतं. कारवानी त्या यादीत नाही, लॅब्राडोरही नाही. पण ताबा सुटलेला लॅब्राडोर एखाद्या आजोबांना पाडू शकतोच की. धोक्याचा अंदाज घेताना जातीबरोबर मालकाकडेही बघावं लागतं.

मग करायचं काय?

नियम एकच. दोरी ताणली की चालणं बंद, दोरी ढिली झाली की चालणं सुरू.

सुरुवात घरात करा, नाहीतर गच्चीवर. जिथे वास कमी, आवाज कमी, दुसरी कुत्री नाहीत. साधारण पाच-सहा फुटांची साधी दोरी घ्या. खिशात उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे बारीक तुकडे ठेवा, साध्या कडक भाकरीचा चुराही चालतो. (शेंगाचटणी लावलेली भाकरी मात्र नको. लसूण कुत्र्याला विषारी ठरू शकतो.) कुत्रा तुमच्या पायाजवळ आला की तिथेच, मांडीलगत तुकडा द्या. दोन पावलं चाला, पुन्हा द्या. मग पाच पावलं, मग दहा. 'इथं, याच्या बाजूला राहिलं की भारी असतं' एवढं त्याच्या डोक्यात बसलं पाहिजे.

मग रस्त्यावर या. त्याने ओढलं की झाडासारखे उभे राहा. ओरडू नका, हिसका देऊ नका. तो वळून बघेल, एक पाऊल मागे येईल, दोरी सैल पडेल. त्या क्षणी शाबासकी द्या आणि पुढे चला. थांबूनही ओढतच असेल तर शांतपणे उलट्या दिशेने वळा. पहिले काही दिवस तुम्ही गल्लीच्या टोकापर्यंतही पोहोचणार नाही. शेजारी हसतील. हसू द्या.

इथे सगळ्यात जास्त लोक कुठे चुकतात माहितीये? सकाळी दादा नियम पाळतो आणि संध्याकाळी बाबा 'जाऊ दे रे, घाई आहे' म्हणून ओढत जाऊ देतात. कधी जमतं आणि कधी जमत नाही, अशी सवय मोडायला सगळ्यात चिवट. लॉटरीची तिकिटं घेणारा माणूस आठवा. दहादा हरतो, एकदा लागते, म्हणून अकराव्यांदा घेतो. कुत्र्याचंही तेच. त्यामुळे घरातल्या सगळ्यांचा नियम एक हवा. ज्या दिवशी खरंच वेळ नाही, त्या दिवशी शिकवणीचा आव आणू नका. अंगणात चेंडू खेळा, घरात खाऊ लपवून शोधायला लावा.

आणि वास घेऊ द्या! आपण पेपर वाचतो, तसा तो खांब वाचतो. दोरी ढिली ठेवून चालला की बक्षीस म्हणून 'जा' म्हणा आणि दोन मिनिटं हुंगू द्या. ज्याच्यासाठी तो ओढत होता, तेच न ओढण्याचं बक्षीस झालं की निम्मं काम झालं.

साधनं : काय घ्यायचं, काय नाही

दुकानात गेलं की पहिली दाखवतात ती जाड साखळी आणि काटेरी पट्टा. मोठा कुत्रा म्हटलं की हेच. चोक चेन किंवा काटेरी पट्टा ओढण्यावर लगेच परिणाम करतो हे खरं, पण तो दुखवून. मानेत श्वासनलिका असते, नसा असतात. त्याहून वाईट म्हणजे कुत्रा वेगळंच काहीतरी शिकतो. समोर दुसरा कुत्रा किंवा लहान मूल दिसलं आणि त्याच वेळी गळ्यात काटे टोचले, की त्याच्या हिशोबाने ते मूलच दुखण्याचं कारण ठरतं. उद्या तो त्या मुलावर भुंकला तर म्हणू नका, 'अचानक काय झालं याला?'

त्यापेक्षा छातीवर पुढच्या बाजूला कडी असलेला हार्नेस बरा. कुत्र्याने जोर लावला की तो बाजूला वळतो, त्यामुळे ओढण्याचा फायदा कमी होतो. कडी फक्त पाठीवर असेल तर मात्र ओढणं त्याला उलट सोपं जातं. बर्फावर गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांनाही हार्नेसच घालतात, पट्टा नाही, हे लक्षात घ्या. आपोआप लांब-आखूड होणारी लीश दणकट कुत्र्याला नको. ती कायम थोडी ताणलेलीच असते, म्हणजे ओढलं की दोरी वाढते हाच धडा. आणि दोरी मनगटाला गुंडाळू नका. कुत्र्याने झेप घेतली तर हात निखळू शकतो.

सोलापुरातल्या दोन अडचणी

पहिली, ऊन. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो आणि डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं. हाताचा तळवा पाच-सात सेकंद रस्त्यावर टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसत नाही. पाय भाजणारा कुत्रा सावलीकडे ओढणारच, तेव्हा त्याला शिस्त शिकवू नका, घरी न्या. सकाळी लवकर आणि रात्री उशिरा, एवढंच वेळापत्रक.

दुसरी, गल्लीतली कुत्री. चार भुंकत आली की आपला हात आपोआप दोरी आवळतो. आवळलेली दोरी कुत्र्याला सांगते, 'धोका आहे.' मग तोही गुरगुरतो. कुठल्या कोपऱ्यावर टोळी बसते हे आपल्याला माहीत असतंच. तिथपर्यंत जाऊच नका, लांबूनच वळा. अंतर हाच सगळ्यात स्वस्त उपाय. आणि जानेवारीत गड्ड्याच्या गर्दीत किंवा गणपतीच्या मिरवणुकीत कुत्रा नेऊन रील काढायचा मोह आवरा. त्या ढोल-ताशात शिकलेला कुत्राही बिथरतो.

तुमचा कुत्रा नुसता ओढत नसेल, माणसांवर धावून जात असेल किंवा चावला असेल, तर मात्र घरगुती प्रयोग थांबवा. आधी पशुवैद्यकाला दाखवा, कारण दुखण्यामुळेही स्वभाव बदलतो. मग अनुभवी प्रशिक्षकाकडे जा, तोही मारहाण न करणारा बघून.

बिल आपल्याच नावावर फाटतं

भारतीय न्याय संहितेचं २९१ वं कलम माहीत असू द्या. आपल्या ताब्यातल्या प्राण्यामुळे माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका होऊ नये, याची पुरेशी काळजी न घेणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'लीश होती ना साहेब' हे त्यावर पुरेसं उत्तर नाही, कारण कायदा पुरेशी काळजी मागतो.

पण कलमापेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. ते २३ जातींचं परिपत्रक कोर्टात टिकलं नाही. ज्या भीतीतून ते आलं, ती भीती मात्र कुठल्याही कोर्टाने रद्द केलेली नाही. ती रोज सकाळी रस्ता ओलांडणाऱ्या त्या काकूंच्या मनात आहे. सोसायटीत 'कुत्रा पाळायला बंदी' अशी पाटी लागते ती याच भीतीतून. ओढणाऱ्या प्रत्येक कुत्र्यामागे बंदीच्या बाजूने एक मत वाढतं, आणि ढिल्या दोरीने शेजारून शांत निघून गेलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे एक कमी होतं. कुत्रे पाळणाऱ्यांची बाजू मांडायला इन्स्टाग्राम लागत नाही. विजापूर रोडवरची सकाळची अर्ध्या तासाची फेरी पुरते.

तेव्हा उद्या सकाळी मोबाइल घरी ठेवा, खिशात भाकरीचा चुरा घ्या आणि निघा. त्याने ओढलं की थांबा. काकू समोरून येतील. 'काही करत नाही तो' असं ओरडू नका. त्याला बाजूला घ्या, बसवा आणि त्यांना आधी जाऊ द्या.