भूगर्भशीतनाचें यंत्र आणि कोंकणांतील घर

पीक निवडण्यापूर्वीं जमीन पाहावी, हें शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. परंतु घरासाठीं यंत्र निवडतांना तोच शेतकरी जमिनीकडे पाहावयाचें विसरतो. जमिनींत नळ्या पुरून घर हिवाळ्यांत उबदार व उन्हाळ्यांत थंड ठेवणाऱ्या यंत्रांची हल्लीं पुष्कळ स्तुति होते. ती खोटी नाहीं. पण मिरकरवाड्यांत घर बांधणाऱ्यानें त्यासाठीं कर्ज काढावें काय? आमचें मत, काढूं नये असें आहे.

कांहीं मीटर खोलीवर जमिनीचें उष्णतामान बारा महिने जवळजवळ सारखें राहतें, व तें तेथील हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास असतें. यंत्र उन्हाळ्यांत घरांतील उष्णता त्या जमिनींत सोडतें व हिवाळ्यांत तेथून परत आणतें. स्वीडनसारख्या देशांत बाहेर बर्फ पडलें असतां जमीन त्या मानानें उबदार असते. म्हणून तेथें हा व्यवहार किफायतीचा होतो. रत्नागिरीची वार्षिक सरासरी सुमारें २७ अंश सेल्सिअस. वैशाखांत दुपारीं हवा ३२-३३ अंशांवर गेली, तरी अंतर पांचसहा अंशांचेंच. घर तापविण्याची तर गरजच नाहीं. शिवाय उष्णता जमिनींत नेहमीं टाकावयाची व परत कधींच घ्यावयाची नाहीं, म्हणजे नळ्यांभोंवतालची जमीन वर्षानुवर्षें तापत जाते. त्यांत आमचा सच्छिद्र जांभा कोरडा पडला कीं उष्णता मंद वाहून नेतो. मग नळ्या लांब हव्यात, विंधणें खोल हवींत, व खर्च वाढतो.

यंत्राशिवाय नुसती हवा पुरलेल्या नळींतून फिरविण्याची युक्ति स्वस्त आहे. पण किनाऱ्यावरील खरा जाच दमटपणाचा. २७ अंशांची जमीन आमच्या उन्हाळी हवेंतील ओल काढूं शकत नाहीं. खाऱ्या वाऱ्यानें बाहेर ठेवलेलें यंत्र लवकर गंजतें, पुरलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्यांस तें भय नाहीं, एवढा गुण मात्र मान्य केला पाहिजे.

कोणी म्हणेल, तुरळ, राजवाडी, आरवली, उन्हवरे येथें उष्ण पाण्याचीं कुंडें आहेत. भूगर्भाची शक्ति आपल्याच जिल्ह्यांत आहे. आहे खरी, पण ती उष्णता आहे, शैत्य नव्हे. आइसलंडांतील रेक्याविक शहरांत १९३० पासून अशा पाण्यानें घरें तापवितात, कारण तेथील शत्रु थंडी आहे. आमच्या उष्णोदकाचा उपयोग त्या त्या गांवींच कोकम वा आंबापोळी सुकविण्याकडे करून पाहावा, हें अधिक शहाणपणाचें.

मिरकरवाड्यांतील घरास आधीं कौलांखालीं माळा, जांभ्याच्या जाड भिंती, पश्चिमेस पडवी, व वाऱ्यास समोरासमोर खिडक्या असाव्यात. एवढ्यानें न भागल्यास एका खोलीपुरतें, थोडी वीज खाणारें साधें शीतयंत्र घ्यावें. उरलेला पैसा होडीस, जाळ्यांस किंवा कलमांच्या बागेस लावावा. तो तेथें फळेल.