खोके उघडते ते भिवंडीत

न्हावा-शेवा बंदरात उतरलेला परदेशी माल माणकोली, पूर्णा, काल्हेर येथील गोदामांत येऊन पडतो, आणि माथाडी कामगार तो उतरवून घेत असता मालाखालच्या लाकडी पॅलेटकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. मोजदाद झाली की त्या फळ्या भंगारात, नाहीतर सरपणात. वस्तुतः त्यांवर कणसाचे चिन्ह, देशाची दोन अक्षरे आणि ‘एचटी’ असा शिक्का असावयास हवा; त्याचा अर्थ असा की, लाकडाचा गाभा किमान ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटे तापविला असून आत दडलेली अळी मेली आहे.

हा निव्वळ कारकुनी सोपस्कार नव्हे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात २००२ साली जो हिरवा आशियाई भुंगेरा सापडला, तो पॅकिंगच्या लाकडातूनच आला असावा असे शास्त्रज्ञ मानतात, आणि त्याच्या अळ्यांनी सालीखाली बोगदे पाडून तेथील अ‍ॅश वृक्ष कोट्यवधींनी मारले.

आपल्या पांगाऱ्याचेच पाहा. फाल्गुनात निष्पर्ण फांद्यांवर तांबडा मोहोर मिरविणाऱ्या, कुंपणाला आणि मिरीवेलाच्या आधाराला उपयोगी पडणाऱ्या या वृक्षावर जेमतेम दीड मिलिमीटरची एक परकी गांधीलमाशी आली असून केरळातील तिची नोंद २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. ती कोवळ्या पालवीत अंडी घालते, पाने व देठ गाठींनी सुजतात, आणि पालवी वारंवार गमावलेले झाड अखेर वाळते. ही माशी पॅलेटमधून आली असे मी म्हणत नाही. पण हवाई बेटांत ती २००५ मध्ये आढळल्यावर तिचा शत्रू-कीटक सोडण्यास २००८ उजाडले, आणि तोवर तेथील देशी पांगाऱ्याची वाताहत झाली होती. उपाय शोधण्याच्या आधी झाड जाते, हा त्यातील मुद्दा.

घातक किडींविषयीचा आपला कायदा १९१४ चा, आयातीच्या क्वारंटाइनचा हुकूम २००३ चा. परंतु त्यांचा अंमल मुख्यतः बंदरावर, आणि खोके प्रत्यक्ष उघडते ते भिवंडीत. म्हणून माझे म्हणणे असे की, गोदाममालकावरच पॅलेटची नोंदवही ठेवण्याची जबाबदारी टाकावी. ‘आणखी एक वही!’ अशी कुरकुर होईल. पण फाटलेल्या पुठ्ठ्याचीही विम्यासाठी नोंद करणाऱ्यास ती जड जाऊ नये. बिनशिक्क्याची, सालीसकट आलेली किंवा भोकांतून ताजा भुसा गळणारी फळी विकू नये, उघड्यावर टाकू नये. ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून त्याच दिवशी क्वारंटाइन कचेरीस वर्दी द्यावी.