कॅन्सरच्या पेशंटला योजना मिळते, बोलायला माणूस मिळत नाही

कोल्हापूर : गावात कॅन्सरचं नाव निघालं की आवाज खाली येतो. "पेशंटला सांगू नका," असं घरचे डॉक्टरांना आधी सांगतात. हेतू चांगला असतो, पण केमोला जाणाऱ्याला सगळं कळतंच. मग तो घरच्यांसाठी गप्प, घरचे त्याच्यासाठी गप्प. भीती मात्र दोघांनाही.

पैशाची वाट थोडी सोपी झालीय. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, मुंबईला टाटा हॉस्पिटलला जायला रेल्वेची सवलत आहे. मनाचं मात्र कुणी विचारत नाही.

गप्प बसण्यामागं लाज असते. ती कशाला? शरद पवारांवर २००४ मध्ये तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. ते त्याबद्दल जाहीरपणे बोलत आलेत. हा शाप नाही आणि एका ताटात जेवल्यानं पसरतही नाही. पेशंटचं ताट-तांब्या वेगळं काढलं, की तो घरातच परका होतो.

मग करायचं काय? हॉस्पिटलमध्ये समुपदेशक किंवा समाजसेवक आहेत का, ते विचारा. 'टेलि-मानस'च्या १४४१६ वर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येतं, मराठीतून. हा नंबर सेवा करणाऱ्या बायको-मुलांसाठीही आहे.

आणि शेजाऱ्यांनो, "कसं झालं हो?" म्हणून हळहळण्यापेक्षा एक दिवस त्यांचं दूध डेअरीला घालून या. मग निवांत बसा. तो बोलला तर ऐका, नाही बोलला तरी बसा.