उत्परिवर्तन जंतूचे, जबाबदारी आपली

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाचा विषय निघाला की सरकारी टिपणीत कारण एका ओळीत उरकले जाते : रुग्णाने उपचार अर्धवट सोडले. ही ओळ सोयीची आहे, कारण तिच्यानंतर कोणालाच जाब द्यावा लागत नाही. ती नेहमीच खरी असते असे मात्र नाही.

क्षयाच्या जंतूचा प्रतिरोध त्याच्याच जनुकांतील उत्परिवर्तनांतून येतो. 'आरपीओबी' जनुकाच्या एका लहानशा भागात बदल झाला की रिफॅम्पिसिन निष्प्रभ होते; 'कॅटजी' जनुक बिघडले की आयसोनियाझिड. ढोबळमानाने आयसोनियाझिडच्या बाबतीत दहा लाख जंतूंत एकदा, तर रिफॅम्पिसिनच्या बाबतीत दहा कोटींत एकदा असे घडते. दोन्ही बदल एकाच जंतूत एकाच वेळी होणे जवळजवळ अशक्य. म्हणूनच औषधे एकत्र द्यायची असतात. बदल यदृच्छया होतो, पण बदललेल्या जंतूला रान मोकळे मिळते ते सदोष उपचारामुळे.

आता आपला हिशेब पाहू. १९९७ पासून सुमारे वीस वर्षे राष्ट्रीय कार्यक्रमात नव्या रुग्णाला शेवटचे चार महिने दोनच औषधे, तीही आठवड्यातून तीनदा, दिली जात : आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन. ज्याचा जंतू आयसोनियाझिडला आधीच जुमानत नव्हता, तो रुग्ण प्रत्यक्षात एकट्या रिफॅम्पिसिनच्या भरवशावर होता. असे रुग्ण अपवादात्मक नव्हते. २०१४-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नव्या रुग्णांपैकी सुमारे ११ टक्क्यांत आयसोनियाझिडचा प्रतिरोध आढळला. अशा रुग्णाने एकही मात्रा चुकवली नसली, तरी दुसऱ्या उत्परिवर्तनाची वाट शासनानेच प्रशस्त केली होती. रोजच्या, तीन औषधांच्या मात्रेची पद्धत देशभर लागू व्हायला २०१७ साल उजाडावे लागले.

त्याच सर्वेक्षणात पूर्वी उपचार न घेतलेल्या २.८४ टक्के रुग्णांत दोन्ही औषधांना प्रतिरोध होता. हा जंतू त्यांना दुसऱ्याकडून आलेला. त्यांनी कोणता उपचार सोडला होता?

आजही पहिल्या तपासणीतील सीबीनॅट चाचणी केवळ रिफॅम्पिसिनचा प्रतिरोध सांगते. आयसोनियाझिडची चाचणी नियमात आहे. परंतु तिचा निकाल उशिरा आला, तर नियमाचा रुग्णाला उपयोग काय?

तेव्हा माझे म्हणणे एवढेच : 'रुग्ण अनियमित' हा शेरा मारण्यापूर्वी अधिकाऱ्याने त्याच कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात. कोणत्या औषधांची चाचणी झाली, निकाल कोणत्या तारखेला आला आणि केंद्रात औषध किती दिवस नव्हते. त्यानंतर शेऱ्याला जागा उरली, तर तो खुशाल मारावा.