बाशाची वाट पाहणारा समाज

सुरेश कृष्ण दिग्दर्शित ‘बाशा’ हा तमिळ चित्रपट जानेवारी १९९५ मध्ये पडद्यावर आला. रजनीकांत यांच्या या चित्रपटाला तीस वर्षे उलटून गेली, तरी त्याची मोहिनी ओसरलेली नाही. माणिकम हा रिक्षा चालवून भावंडांची आयुष्ये मार्गी लावणारा सोशिक माणूस. गुंड त्याला खांबाला बांधून मारतात, तरी तो हात उचलीत नाही. पण हाच माणिकम एके काळी मुंबईच्या गुन्हेगारी जगाला कापरे भरविणारा बाशा असतो. मरणोन्मुख पित्याला दिलेल्या वचनाखातर त्याने तो भूतकाळ गाडलेला असतो. पुढे बहिणीच्या अंगावर हात पडतो, संयम सुटतो आणि चित्रपटगृह टाळ्यांनी दणाणते.

अशा चित्रपटांकडे नाक मुरडून पाहण्याची सवय अनेक पुरोगाम्यांना आहे. ती बरी नव्हे. या टाळ्या कष्टकऱ्यांच्या आहेत. पोलिसाचा दंडुका, रिक्षामालकाचे रोजचे भाडे आणि उतारूंची अरेरावी मुकाट्याने सोसणाऱ्याला ‘तू दिसतोस तेवढा दुबळा नाहीस’ असे कोणी सांगितले, तर त्याने का सुखावू नये? शिवाय मुंबईच्या १९९२-९३ मधील दंगलींत नऊशे माणसांचे बळी गेल्यानंतर दोनच वर्षांनी आलेल्या या चित्रपटाचा नायक मुसलमान मित्राच्या खुनाने पेटून उठतो आणि बाशा हे नाव अभिमानाने मिरवितो, याचीही नोंद घेतली पाहिजे.

परंतु ज्या प्रसंगाला सर्वाधिक दाद मिळते, त्यातच खरी मेख आहे. बहिणीची वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशासाठी अडवणूक होते. माणिकम संस्थाचालकाला एकान्तात आपली खरी ओळख सांगतो आणि प्रवेश तत्काळ मिळतो. प्रेक्षक खूश होतो. मात्र त्याच दारात उभ्या असलेल्या ज्या मुलीचा भाऊ नुसताच रिक्षावाला आहे, तिचे काय? संस्थाचालकाचा अधिकार जसाच्या तसा राहिला. तो फक्त एका माणसापुरता घाबरला. हक्क म्हणून जे सर्वांना मिळावयाचे, ते धाक म्हणून एकाला मिळाले. याला न्याय म्हणत नाहीत. ही वशिल्याचीच दुसरी तऱ्हा होय.

ही वृत्ती पडद्यापुरती राहिली नाही. मराठी कुटुंबात जन्मलेले आणि बंगळूरला बसवाहकाची नोकरी केलेले शिवाजीराव गायकवाड, म्हणजेच रजनीकांत, स्वतः श्रमिकांतूनच आले. ‘बाशा’च्या समारंभात त्यांनी राज्यातील बाँबच्या दहशतीविरुद्ध तोंड उघडले; निर्माते आर. एम. वीरप्पन यांना त्यापायी मंत्रिपद गमवावे लागले. १९९६ च्या निवडणुकीत रजनीकांत यांनी विरोधी आघाडीला पाठिंबा दिला आणि जयललितांचे सरकार पडले. मग ते केव्हा राजकारणात उतरतात, याची लक्षावधी चाहत्यांनी दोन दशके वाट पाहिली. ३१ डिसेंबर २०१७ ला त्यांनी घोषणा केली आणि डिसेंबर २०२० मध्ये प्रकृतीच्या कारणाने माघार घेतली. त्यात त्यांना दोष देण्याचे कारण नाही. आजारी माणसाने थांबावे हेच शहाणपण. दोष वाट पाहण्याच्या राजकारणात आहे. ज्या दिवशी नायक थांबतो, त्या दिवशी अनुयायी रिकाम्या हातांनी घरी परततात.

महाराष्ट्रातील हमालांचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. बाबा आढाव यांची पुण्यातील हमाल पंचायत असो की अण्णासाहेब पाटील यांनी उभी केलेली माथाडींची संघटना, तेथे कोणाचाही दरारा गुपित नव्हता. होती ती पाठीवरची पोती आणि एकमेकांचा आधार. १९६९ च्या माथाडी कायद्याने मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, भविष्यनिर्वाह निधी आला. नोंदलेल्या प्रत्येक हमालाला तो लाभ मिळाला. त्यासाठी कोणाचा भाऊ बाशा असावा लागला नाही.

आज भ्रमणध्वनीवरील कंपन्या रिक्षाचालकाचे भाडे आणि काम ठरवितात. तेथे धमकावायला समोर माणूसही नसतो. अशा वेळी कार्यकर्त्याने रिक्षाथांब्यावर जाऊन चित्रपटाची टिंगल करू नये. माणिकमच्या संतापाला मान द्यावा आणि त्या संतापाला सभासदत्वाची पावती, मागण्यांचे निवेदन आणि दर आठवड्याची बैठक यांची जोड द्यावी. हे काम नीरस आहे, त्याला टाळ्या पडत नाहीत. पण खांबाला बांधलेल्या माणसाची दोरी सोडविण्याचा, इतरांना बांधलेले न ठेवता सोडविण्याचा, हाच मार्ग आहे.