फ्रिजवरचं फर्मान

आमच्या फ्रिजवर केळ्याच्या आकाराचं चुंबक आहे. बुऱ्हाणपुरात दुसऱ्या कुठल्या फळाचं असणार? त्या चुंबकाखाली दिवाळीपासून एक कागद लटकतोय, मुलाने ऑफिसातून छापून आणलेला. वर ठळक अक्षरांत ‘मोबाइलबाबत सूचना’ आणि खाली नऊ कलमं, नातवाला सांभाळायला येणाऱ्या बाईसाठी. आल्याबरोबर फोन दराब्याच्या, म्हणजे आमच्या गावच्या मिठाईच्या, रिकाम्या डब्यात टाकायचा, डबा फ्रिजवर ठेवायचा, बाळाच्या हाती फोन द्यायचा नाही, त्याचा फोटो स्टेटसला लावायचा नाही. इथवर मीही मान डोलावली. पावणेदोन वर्षांचं पोर जिना चढतंय आणि खाली बाई रील बघत बसली आहे, असं दिसलं तर तिला वाटेला लावणारी पहिली मीच असेन.

पण पाचवं कलम बघा: ‘दर तासाला बाळाचा फोटो पाठवणे.’ आणि सातवं: ‘आमचा फोन लगेच उचलणे.’

डब्यातल्या फोनने फोटो कसा काढायचा, असं मी सुनेला विचारलं. “आई, तुम्ही ना, प्रत्येक गोष्टीला फाटे फोडता,” म्हणाली आणि माझ्याशी बोलता बोलताच स्वतःच्या फोनवर काहीतरी टाइप करायला लागली.

मग एका दुपारी वीज गेली. वायफाय बंद पडलं आणि हॉलमध्ये तिसऱ्या डोळ्यासारखा बसवलेला कॅमेरा आंधळा झाला. सुनेने बाईला फोन लावला. फोन नियमाप्रमाणे डब्यात, बाई न्हाणीत पोराचं ढुंगण धूत होती, आणि माझे गुडघे मला खुर्चीतून उठू देईनात. अकरा कॉल वाजले. दराब्याच्या डब्यात फोन थरथरायला लागला की भुंगा अडकल्यासारखा आवाज येतो, तो मी मोजत बसले. शेवटी शेजारीण धापा टाकत दारात आली, काय झालं म्हणून. संध्याकाळी बाईला जे ऐकवलं गेलं, ते नियम मोडला म्हणून नव्हे, पाळला म्हणून.

पुढे महिन्याभरात तिचा डबा पुन्हा असाच घुमला. सहा कॉल. या खेपेला बाई पोराला मांडीवर घेऊन वरणभात भरवत होती. तिने एकदा वर बघितलं, एकदा कॅमेऱ्याकडे बघितलं आणि पुढचा घास कालवला. कॉल तिच्या मुलीच्या शाळेतून होते. पोरगी तापाने फणफणून दीड तास शाळेच्या पायरीवर बसून होती. त्या संध्याकाळी आमच्या घरात कोणी कोणाला काही बोललं नाही. मीसुद्धा नाही. ‘उचल गं’ म्हणायला माझे गुडघे दुखत नव्हते, तोंड शाबूत होतं. तेही मी उघडलं नाही, हे इथे लिहून ठेवते.

‘या बायका दिवसभर टाइमपास करतात हो,’ असं आमच्या भजनी मंडळातही ऐकते, तेही भजनाच्या मधेच व्हॉट्सॲप बघणाऱ्यांकडून. तिच्या त्या तडकलेल्या काचेच्या फोनमध्ये काय काय आहे ते एकदा बघा. १० जून २०२३ला लाडली बहना योजनेचा पहिला हजार रुपयांचा हप्ता पडला, त्याचा मेसेज त्यावर आला. सरकारी समग्र आयडीची केवायसी करायची तर ओटीपी त्यावरच. नवरा पॉवरलूमवर, वीज गेली, माग थांबला, आज मजुरी किती बुडाली, ती खबर त्यावर. आणि तापलेली पोरगी. आमच्या घरातले तीन फोन मात्र ‘कामाचे’. त्यातल्या एकावर माझा मुलगा रात्री अकरा वाजता क्रिकेटचे जुने षटकार बघत असतो.

पोराला व्हिडिओशिवाय घास जात नाही, याचं खापरही बाईवर फुटलं. वास्तविक पोराची ही खोड सगळ्यात जास्त उफाळते रविवारी, आणि रविवारी बाई येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं की दोन वर्षांच्या आतल्या बाळाला स्क्रीन नको. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सनेही, तेच सांगितलं. त्यात कुठेही ‘फक्त मोलकरणीच्या फोनची स्क्रीन’ असं म्हटलेलं नाही.

या गावाला बाळं सांभाळणाऱ्या बायकांचा विसर पडणं नवीन नाही म्हणा. १६३१च्या जूनमध्ये चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल इथेच गेली. गाइड शाही किल्ल्यातला हमाम दाखवतो, तापीपलीकडे आहूखान्याकडे बोट दाखवतो, ‘पहले यहीं दफनाया था’ म्हणतो. पण ती चौदावी मुलगी, गौहर आरा, जगली, चांगली पंच्याहत्तर वर्षं जगली. आईविना त्या अंगावरच्या पोरीला कोणी पाजलं, कोणी थोपटलं? पर्यटक विचारत नाहीत, गाइड सांगत नाही. आपण मराठी माणसं त्या मानाने बरी, कापूरहोळच्या धाराऊचं नाव तरी राखलं. तिच्या दुधावर वाढलेल्या संभाजीराजांच्या फौजेने १६८१ साली हेच बुऱ्हाणपूर लुटलं. २०२५ साली संभाजीराजांवरचा सिनेमा बघून लोक असीरगडच्या शेतांत टॉर्च घेऊन सोनं खणायला गेले होते. धाराऊचं नाव विचारलं असतं तर त्यातल्या किती जणांना सांगता आलं असतं, देव जाणे.

आणि कायदा? शेजारच्या महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. अख्ख्या देशासाठी वेगळा कायदा हवा की नको, ते तपासायला समिती नेमा, असं सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला २९ जानेवारी २०२५ला सांगितलं. समित्या बसतील तेव्हा बसतील. तोवर फ्रिजवरचं फर्मान हाच कायदा. नऊ कलमांत पगाराचं एकही नाही, हे बाईनेच मला दाखवून दिलं. तिला वाचता येतं, हे बहुधा कलमं लिहिताना कोणाच्या ध्यानात आलं नसावं.

मी सुनेला सांगितलं, कागद फाड. फोन तिच्या कमरेच्या पिशवीत राहू दे. पोर पाण्यापाशी, गॅसपाशी, जिन्यावर असेल तेव्हा या घरात कोणाच्याच हातात फोन नको, तुझ्याही नाही नि माझ्याही नाही. तिच्या घरून फोन आला तर तिने उचलायचा. तासातासाचे फोटो बंद. सूनबाई म्हणाल्या, फोटो नसला की ऑफिसात जीव लागत नाही. त्या जिवाला मी नावं ठेवत नाही. मी नोकरी करत होते तेव्हा माझाही लागत नव्हता. पण मला तेव्हा तो दुसऱ्या बाईच्या खर्चाने शांत करता येत नव्हता.

कारण खर्च तिचाच आहे. परवा ती दारात चपला घालता घालता मला म्हणाली, “आजी, कंपनीचा महिना अठ्ठावीस दिवसांचा, तुमचा तीस-एकतीस दिवसांचा. फोटो तुमच्या बाळाचे, रिचार्ज माझा. दादांना विचारा ना काहीतरी.”

विचारलं. दादा म्हणाले, बघू. घरात वायफाय आहे, पैसे द्यायचे नसतील तर निदान त्याचा पासवर्ड तिला दे, म्हटलं.

तर म्हणे, “नको आई, मग ती दिवसभर फोनवरच बसेल.”